बोहाड्याचा मुखवटा: भिंतीवर टांगलेलं हे 'सोंग' नक्की कोणाचं?

जुहूतल्या एखाद्या कॅफेच्या भिंतीवर, एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा इन्स्टाग्रामवरच्या होम डेकोर पेजवर तुम्ही तो नक्की पाहिला असेल. मोठे गोल डोळे, जाड भुवया, बाहेर आलेले दात, लाल-पिवळ्या-निळ्या रंगात रंगवलेला मुखवटा. खाली कॅप्शन असतं 'ट्रायबल मास्क'. कधी कधी तर सरळ 'आफ्रिकन मास्क' असंच लिहिलेलं असतं.

गंमत अशी, की यातले काही मुखवटे आफ्रिकेतले नसतात. ते जुहूपासून गाडीने चारेक तासांवर असलेल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पद्धतीचे असतात. तिथे त्यांना कोणी 'मास्क' म्हणत नाही. त्यांना म्हणतात 'सोंग'. ही सोंगं ज्या उत्सवात नाचतात तो म्हणजे बोहाडा.

हा मुखवटा कोण बनवतं? कोण घालतं? ज्याला हवा त्याला तो घालता येतो का? आणि आपण तो विकत आणून भिंतीवर लावला, तर त्यात काही चुकतं का? समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- बोहाडा हा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा पट्ट्यात आणि शेजारच्या नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात होणारा मुखवट्यांचा उत्सव आहे.
- देव, दैत्य आणि पुराणातली पात्रं मुखवटे घालून रात्रभर नाचतात.
- मुखवटे पूर्वी लाकडात कोरलेले असत. आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात.
- परंपरेनुसार कोणतं सोंग कोणी घ्यायचं, हे घराण्यानुसार ठरलेलं असतं.
- काँगोमधल्या जगप्रसिद्ध कुबा मुखवट्यांनाही असेच नियम आहेत.

बोहाडा म्हणजे काय?

होळी झाली की पावसाळा सुरू होईपर्यंतच्या काळात जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातल्या वेगवेगळ्या गावांत बोहाडा भरतो. काही ठिकाणी त्याला 'भोवाडा' किंवा 'भवाडा' म्हणतात. तारीख सगळीकडे एक नसते. गाव आपली तिथी ठरवतं. काही गावांत तो तीन रात्री चालतो, काही ठिकाणी सात किंवा त्याहून जास्त.

मोखाड्याचा बोहाडा यात सगळ्यात जास्त ओळखला जातो. तो जगदंबा देवीचा उत्सव आहे. शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुर यांचं युद्ध होतं, आणि ते पाहायला आसपासच्या पाड्यांवरून माणसं येतात.

या भागात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे अनेक आदिवासी समाज राहतात. बोहाडा त्यांच्यापैकी एकाच समाजाचा नाही, तो गावाचा असतो. आदिवासींसोबत गावातले इतर समाजही त्यात भाग घेतात.

थोडा इतिहासही सांगायला हवा. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं संस्थान होतं. या राज्याची सुरुवात 14व्या शतकातली, आणि 1948 मध्ये ते तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झालं. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत तुम्हाला 'ठाणे जिल्ह्यातला बोहाडा' असं वाचायला मिळेल. उत्सव तोच आहे, जिल्ह्याचं नाव बदललं.

मुखवट्याला 'सोंग' का म्हणतात?

आपल्या रोजच्या बोलण्यात 'सोंग' म्हणजे नाटक, खोटेपणा. 'उगाच सोंगं करू नकोस' असं आपण लहान मुलांना म्हणतो. बोहाड्यात हा शब्द उलट्या अर्थाने येतो. तिथे सोंग म्हणजे देव किंवा दैत्य माणसाच्या रूपात गावासमोर येणं. यात खोटं काही नाही.

आणि सोंग म्हणजे फक्त चेहऱ्यावरचा मुखवटा नाही. मुखवटा, अंगावरचे कपडे, हातातलं शस्त्र, पावलांची पद्धत आणि सोबत वाजणारं वाद्य, हे सगळं मिळून एक सोंग होतं. मुखवटा हा त्यातला एक भाग. महत्त्वाचा, पण एकच.

सोंगांची यादी मोठी असते. सुरुवातीला गणपती येतो, मग सरस्वती किंवा शारदा. त्यानंतर मारुती, राम-लक्ष्मण, रावण, त्राटिका, नरसिंह, खंडेराव, वेताळ आणि अनेक दैत्य. काही पात्रं रामायणातली, काही महाभारतातली, काही पुराणातली आणि काही अगदी स्थानिक श्रद्धेतली. सगळी एकाच वाटेवरून, एकामागून एक येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोणतं सोंग कोणी घ्यायचं, हे परंपरेने घराण्याकडे असतं. एका घराकडे मारुती, दुसऱ्याकडे वेताळ, तिसऱ्याकडे रावण. आजोबांनी घेतलेलं सोंग पुढे मुलगा घेतो, मग नातू. ज्या घराकडे सोंग, त्या घराकडे ते नाचवण्याचा मान आणि ते चुकू न देण्याची जबाबदारीही. घालण्यापूर्वी मुखवट्याची पूजा होते.

म्हणजे तुम्हाला नाचता येतं, मुखवटाही आवडला, म्हणून तुम्ही बोहाड्यात जाऊन रावण होऊ शकत नाही. ते सोंग तुमचं नाही.

हा मुखवटा बनतो कसा?

जुने मुखवटे लाकडाचे. हलकं, सहज कोरता येणारं लाकूड निवडायचं, पुढून चेहरा कोरायचा आणि मागून पोखरून पोकळ करायचं. मग रंग. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, रंगवलेली असतात. तत्त्व साधारण तेच, फक्त इथे वस्तू माणसाच्या डोक्यावर चढणार असते.

अडचण तिथेच होती. लाकूड कितीही हलकं असलं तरी मोठा मुखवटा डोक्यावर घेऊन बराच वेळ नाचणं म्हणजे मानेची परीक्षा. त्यामुळे कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले आणि रुळले. जव्हार तालुक्यातलं रामखिंड हे गाव अशा कागदी मुखवट्यांसाठी ओळखलं जातं.

कागदी मुखवट्याची ढोबळ पद्धत अशी:

1. मातीचा साचा तयार करायचा. नाक, गाल, भुवया यांचा उठाव त्यावरच ठरतो.
2. भिजवलेला कागद किंवा त्याचा लगदा खळ किंवा डिंक घालून साच्यावर थरावर थर चढवायचा.
3. उन्हात वाळवायचा. थर नीट वाळले नाहीत तर मुखवटा वाकतो.
4. साच्यावरून काढून कडा कापायच्या, खाचखळगे बुजवायचे.
5. पांढरा हात मारून त्यावर रंग. शेवटी डोळे, मिशा, दात आणि कपाळावरचं गंध.

रंग हा नुसता सजावटीचा भाग नाही. अंधारात, मशालीच्या उजेडात, लांबून पाहणाऱ्याला सोंग ओळखता आलं पाहिजे. म्हणून डोळे एवढे मोठे, रेषा एवढ्या जाड आणि रंग एवढे भडक असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात, दोन फुटांवरून पाहिलं की तेच रंग आपल्याला 'लाउड' वाटतात. तो मुखवटा मुळात तसा पाहण्यासाठी केलेलाच नसतो.

रात्री नेमकं काय घडतं?

इथे स्टेज नसतं. गावातली वाट हेच रंगमंच. दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, उभी राहिलेली. घरांच्या ओट्यांवर बायका आणि मुलं. पूर्वी उजेड फक्त टेंभ्यांचा, म्हणजे मशालींचा असायचा. आता विजेचे दिवेही लागतात.

संबळ आणि सनई किंवा पिपाणी वाजायला लागते आणि वाटेच्या एका टोकाकडून सोंग येतं. ते सरळ चालत येत नाही. काही पावलं पुढे, काही मागे, गिरकी, पुन्हा पुढे. सोंगानुसार चाल बदलते आणि वाजवण्याचा ठेकाही बदलतो. जाणत्या माणसाला नुसत्या वाजण्यावरून कळतं की आता कोण येणार.

मुखवट्याच्या आतून फार थोडं दिसतं. त्यामुळे नाचणाऱ्यासोबत त्याला सांभाळणारी माणसं असतात. दहा तोंडांच्या रावणासारखं रुंद सोंग असेल तर ते सावरणं हे वेगळंच काम.

परंपरेने सगळी सोंगं पुरुषच घेत आले आहेत. देवीचं, त्राटिकेचं, सरस्वतीचंसुद्धा.

आणि तिकीट नसतं. जुहूत पृथ्वी थिएटरला आपण तिकीट काढून आत जातो, अंधारात बसतो आणि नाटक संपलं की टाळ्या वाजवून बाहेर पडतो. बोहाड्यात प्रेक्षक आणि कलाकार असे दोन गट नसतात. मघाशी बाजूला बसलेला काका तासाभराने वेताळ होऊन समोर येतो. देवीचं सोंग आलं की लोक टाळ्या वाजवत नाहीत, हात जोडतात.

उन्हाळ्यातच का?

याचं एक उत्तर शेतीत आहे. या डोंगराळ भागात शेती मुख्यतः पावसावर चालते. भात, नागली, वरई. पावसाळ्यात आणि कापणीत कोणालाच उसंत नसते. उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे, आणि ते आपल्या मुंबईपर्यंत येतं. जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात. वसई, भिवंडी, ठाणे, कल्याण या भागांत वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मिळेल तिथे. मुलंबाळं सोबत घेऊन. होळीला आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर ती गावी परततात.

बोहाडा याच काळात येतो. गाव परत गाव होतं तेव्हा. ज्या घराकडे सोंग आहे त्या घरातला मुलगा त्या वेळी गावात असेल तरच ते सोंग वाटेवर येणार. तो भट्टीवर अडकला, ठेकेदाराने सोडलं नाही किंवा शहरात कायमची नोकरी धरली, तर त्याचं सोंग कोण घेणार, हा प्रश्न उभा राहतो.

मुखवटा जपणं सोपं आहे. कापडात गुंडाळून ठेवला की तो वर्षानुवर्षं राहतो. तो घालणारा माणूस गावात राहणं हे कठीण आहे. आपण 'लोप पावत चाललेली कला' असं म्हणतो तेव्हा यातली पहिलीच गोष्ट आपल्या डोळ्यासमोर असते.

मग कुबा मुखवटा म्हणजे काय, आणि तो इथे कुठून आला?

'आफ्रिकन मास्क' म्हणून जे मुखवटे जगभर ओळखले जातात, त्यात कुबा मुखवट्यांचं नाव खूप वर आहे. कुबा हे मध्य आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातलं जुनं राज्य. कसाई आणि सांकुरू या नद्यांच्या परिसरातलं. अनेक जमातींनी मिळून बनलेलं, एका राजाखालचं. 17व्या शतकात शाम नावाच्या राजाने त्याला भक्कम रूप दिलं असं मानलं जातं. मुंबईपासून सरळ रेषेत हे ठिकाण सुमारे 6,000 किलोमीटरवर आहे.

कुबांचे अनेक मुखवटे आहेत, पण राजघराण्याशी जोडलेले तीन सगळ्यात प्रसिद्ध:

- म्वाश आम्बोय: कुबांचा मूळ पुरुष वूत, आणि त्याच्या रूपाने राजा. हा मुख्यतः लाकडाचा नसतो. कातडं, राफिया नावाच्या ताडाच्या धाग्याचं कापड, मणी आणि कवड्या यांनी तो बनतो. याच्याच एका प्रकाराला डोक्यावरून पुढे येणारी हत्तीची सोंड असते.
- न्गाडी आ म्वाश: वूतची बहीण आणि पत्नी. हा लाकडात कोरलेला आणि रंगवलेला मुखवटा. चेहऱ्यावर काळे-पांढरे त्रिकोण आणि डोळ्यांखाली तिरप्या रेषा. त्या रेषा म्हणजे अश्रू.
- ब्वूम: मोठं, पुढे आलेलं कपाळ असलेला लाकडी मुखवटा. यावर बऱ्याचदा तांब्याचे पत्रे मढवलेले असतात. हा सामान्य प्रजेचा माणूस मानला जातो, तर काही कथांत राजाला आव्हान देणारा. गंमत म्हणजे घालणारा अनेकदा डोळ्यांतून नाही, तर नाकपुड्यांच्या भोकांतून बाहेर पाहतो.

आता बोहाड्याशी तुलना करून पाहा. न्गाडी आ म्वाश ही स्त्री आहे, पण ते पात्र नाचवतात पुरुष. मुखवट्यासोबत ठरलेला पोशाख असतो, ठरलेली चाल असते. कोणीही उठून तो घालायचा नाही. आणि तो दिसण्याच्या वेळाही ठरलेल्या. मुलांना मोठ्यांच्या जगात घेण्याचे दीक्षाविधी, राजदरबारातले प्रसंग, मान असलेल्या माणसाचा मृत्यू.

या दोन परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध होता असं अजिबात नाही. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. पण दोन्हीकडे माणसं एकाच निष्कर्षाला आलेली दिसतात: पूर्वज किंवा देव समोर आणायचा, तर चेहरा झाकायला हवा, आणि तो कोणी झाकायचा याचा नियम हवा.

एक धागा मात्र खरोखर हिंद महासागरातून जातो. कुबा मुखवट्यांवरच्या कवड्या. चलन म्हणून वापरलेल्या कवड्यांचा मोठा स्रोत मालदीव बेटं होती. तिथून त्या भारतातही आल्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेतही गेल्या. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, आणि 'कवडीमोल' हा शब्द आपण अजून वापरतो. तिकडे त्याच कवड्या राजाच्या मुखवट्यावर श्रीमंतीची खूण म्हणून शिवल्या गेल्या.

कुबा मुखवटे म्युझियममध्ये कसे पोचले?

ही गोष्ट सरळ खरेदी-विक्रीची नाही. 1885 ते 1908 या काळात काँगो हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी ताब्यात होता. रबरासाठी तिथल्या लोकांवर भयंकर जुलूम झाले. कुबांचा प्रदेशही त्यातून सुटला नाही.

विल्यम शेपर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी 1892 मध्ये कुबांच्या राजधानीत पोचले. त्यांनी कुबांच्या वस्तू जमवल्या, त्या आज अमेरिकेतल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. याच शेपर्ड यांनी पुढे कुबांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल लिहिलं. त्यावर रबर कंपनीने बदनामीचा खटला भरला. 1909 मध्ये ते त्यातून निर्दोष सुटले.

म्हणजे युरोप-अमेरिकेतले लोक काचेच्या पेटीतले कुबा मुखवटे पाहून थक्क होत होते, त्याच काळात ते मुखवटे घालणारी माणसं रबराच्या सक्तीखाली भरडली जात होती. वस्तूचं कौतुक झालं, माणसांचं हाल कुत्रा खाईना अशी अवस्था होती.

अशा वस्तू परत देण्याची चर्चा आता जगभर चालू आहे. जून 2022 मध्ये बेल्जियमचे राजे फिलिप यांनी काँगोची राजधानी किन्शासा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला एक मोठा काकुंगू मुखवटा सुपूर्द केला. तो कुबांचा नाही, सुकू या दुसऱ्या समाजाचा आहे. आणि तोही कायमचा परत नव्हे, तर बेमुदत उसना म्हणून.

आपल्याकडे असे आणखी कोणते मुखवटे आहेत?

बोहाडा एकटा नाही. कोकणातल्या शिमग्यात आणि नमन-खेळ्यात काळ्या कपड्यातला, टोकदार टोपीचा, लांब दाढीचा संकासुर असतो. नाशिक भागात सोंगी मुखवट्यांचा नाच आहे, त्यात नरसिंह, काळभैरव, वेताळ अशी पात्रं येतात. गोव्यात पेर्णी समाजाचा जागर आहे, त्यात रंगवलेले लाकडी मुखवटे वापरतात. गुजरातच्या डांग जिल्ह्यातही बोहाड्यासारखा मुखवट्यांचा उत्सव होतो. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या, डोंगर आधीपासून एकच होता.

वारली चित्र सगळीकडे पोचलं, मग बोहाडा का नाही?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. वारली चित्र आज कुर्त्यावर आहे, मगवर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे. बोहाडा मात्र मुंबईतल्या बहुतेकांना नावानेही माहीत नाही.

वारली चित्राचा प्रवास पाहिला की कारण कळतं. मुळात लग्नघराच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने 'चौक' काढायच्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, सोबत गाणी म्हणायची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आलं. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्र कागदावर आलं आणि पोस्टाने कुठेही जाऊ लागलं. पण त्या प्रवासात धवलेरीची गाणी आणि लग्नघर गावातच राहिलं. आज वारली चित्र ओळखणाऱ्या किती जणांना 'धवलेरी' हा शब्द माहीत आहे?

चित्राचं एवढं सुटं होऊ शकलं. सोंगाचं होत नाही. वाट, संबळ, रात्र आणि त्या घरातला माणूस बाजूला काढला, तर उरतो तो रंगवलेला कागद. म्हणून भिंतीवर लावलेला बोहाड्याचा मुखवटा सुंदर दिसतो, पण तो काय करतो हे तो सांगू शकत नाही.

मग असा मुखवटा विकत घेणं चूक आहे का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं.

बनवणाऱ्या कारागिरांसाठी सजावटीचे मुखवटे हा रोजगार आहे. बोहाडा वर्षातून काही रात्री असतो. पोट वर्षभर असतं. विक्रीसाठी केलेला मुखवटा आणि पूजेतला मुखवटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सजावटीचा मुखवटा विकला गेला, तर एखादं घर भट्टीवर न जाता गावात राहू शकतं, आणि त्याचा फायदा शेवटी बोहाड्यालाच होतो.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, नाचातला, पूजेतला जुना मुखवटा गरजेपोटी कोणी विकत असेल आणि आपण 'अँटिक पीस' म्हणून तो घासाघीस करून घेतो तेव्हा. दोन, बनवणाऱ्याचं आणि गावाचं नाव पुसून 'ट्रायबल' किंवा 'आफ्रिकन' असं लेबल लावलं जातं तेव्हा.

घेण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारा:

1. कुठल्या गावचा, कोणी बनवलेला? दुकानदाराला गाव सांगता येत नसेल, तर कारागिराला काय मिळालं असेल याचा अंदाज करा.
2. विक्रीसाठी बनवलाय की वापरातला आहे? वापरातला असेल तर तो घरातून बाहेर का आला, हेही विचारा.
3. 'शंभर वर्षं जुना' असा दावा आहे का? पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दावा खरा असेल तर कागदपत्रं हवीत. नसतील, तर दावा तरी खोटा आहे किंवा व्यवहार तरी.
4. प्राण्याचं कातडं, केस किंवा दात लावलेत का? वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकायचं नसेल तर अशा वस्तूपासून लांब राहा. 'आफ्रिकन' म्हणून विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांबाबत हे जास्त जपायला हवं.

बघायचं असेल तर?

पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे पाहता येतात. बनावट, रंग, आकार नीट पाहायचे असतील तर ती चांगली जागा आहे.

पण खरा बोहाडा गावातच. अंधेरी किंवा बोरिवलीहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलने पालघरला उतरून जव्हारची एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर अहमदाबाद हायवेने मनोरपर्यंत, तिथून विक्रमगडमार्गे जव्हार आणि पुढे मोखाडा. निघण्यापूर्वी त्या वर्षीची तिथी गावातल्या कोणाकडून तरी पक्की करून घ्या, कारण ती गावागणिक बदलते.

गेलात तर काही साध्या गोष्टी पाळा. सोंगाच्या वाटेत उभे राहू नका. नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर फ्लॅश मारू नका. त्याला आधीच मुखवट्यातून कमी दिसत असतं. मुखवट्याला न विचारता हात लावू नका, 'एकदा घालून बघू का' असं तर विचारूच नका. आणि रील टाकलीत तर कॅप्शनमध्ये गावाचं नाव लिहा. 'ट्रायबल वाइब्स' एवढंच लिहून सोडू नका.

शेवटी

मराठीत म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. मारुती, वेताळ, रावण, जगदंबा ही सगळी सोंगं तिथल्या घरांना येतात. पण मार्चमध्ये मुलगा भट्टीवर असेल की गावात, हे अजून पैशावरच ठरतं. बोहाड्याचा मुखवटा टिकवायचा असेल, तर तो घालणाऱ्याला गावात काम मिळतंय का, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.